पिकअपमधली गाण्याची पेटी



या पानावर आम्ही भाताची रोपे, रताळ्याचे वेल, गुरांची लाळ्या-खुरकत आणि पावसाळ्यातील जुलाब अशा विषयांवर लिहीत असतो. या वेळचा विषय पाहून काही वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील. पिकअप गाडीत गाण्याची मोठी पेटी बसवणे, ज्याला मुले 'बेस' म्हणतात आणि दुकानदार 'सबवूफर' म्हणतो, त्याचा शेतीशी आणि आरोग्याशी काय संबंध? संबंध आहे आणि तो चांगलाच जवळचा आहे, असे आमच्या घरच्या अनुभवावरून आम्हांस वाटू लागले. म्हणून हे लिहीत आहोत.

आपल्या बेळगाव-खानापूर भागात पूर्वी बैलगाडी ज्या ठिकाणी उभी असे, तेथे आता पिकअप उभी असते. रात्री दोन-अडीचला फ्लॉवर, कोबी, मिरची, रताळी भरून ती चोर्ला घाटाने गोव्याच्या बाजाराला निघते आणि दुपारपर्यंत रिकामी परत येते. ही गाडी चालवणारी मुले आपलीच आहेत. घाटातल्या काळोखात, पावसात, धुक्यात, एकट्याने स्टिअरिंग धरून बसलेल्या मुलाला सोबतीला गाणे हवेसे वाटले, तर त्यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. गाणे असावे की नसावे, हा वाद आम्हांस घालावयाचा नाही. पेटी केवढी, ती कुठे ठेवावयाची आणि तिचा आवाज कोणाच्या कानापर्यंत जावा, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या घरची गोष्ट

आमच्या घरची पिकअप डबल केबिनची आहे. मागे हौदा लहान, त्यामुळे क्रेटची प्रत्येक ओळ मोलाची. दोन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याने एका दुकानातून हौद्याच्या पुढच्या अंगाला, केबिनला टेकवून, भली मोठी पेटी बसवून आणली. बारा इंची दोन स्पीकर, पुढे हवेसाठी मोठे भोक, वर चमचमते दिवे. तेवढ्या पैशांत एका हंगामाचे बियाणे आले असते, पण पोराने स्वतःच्या मजुरीतून साठवले होते, म्हणून आम्ही गप्प राहिलो. गप्प राहिलो ही आमची चूक झाली.

पहिल्याच फेरीला कळले की क्रेटच्या दोन ओळी कमी झाल्या. मृगाचा पाऊस सुरू झाला तशी ताडपत्रीखालून ओल शिरली आणि पेटीच्या फळ्या पावासारख्या फुगल्या. ती भुशाच्या दाबलेल्या फळीची, म्हणजे एमडीएफची होती आणि खानापूरच्या पावसापुढे तिचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. श्रावणात एका पहाटे बॅटरी उतरली आणि गाडी ढकलून चालू करावी लागली. बाजार गाठायला उशीर झाला आणि फ्लॉवर पडेल भावाने देऊन यावे लागले.

हे सारे पैशाचे नुकसान झाले. ते भरून निघते. पण सुगीच्या दिवसांत एके संध्याकाळी मुलगा खळ्यावर गाडी मागे घेत होता. पेटी चालू होती. मागे आमचे थोरले बंधू वाकून पोती शिवत होते. चाळीस वर्षे ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राजवळ काम केल्याने त्यांना ऐकू कमी येते. त्यांना गाडीचा आवाज आला नाही. बाजूला उभी असलेली घरची मंडळी 'थांब, थांब' म्हणून ओरडत होती, ते गाडीतल्या मुलाला ऐकू आले नाही. कोणीतरी धावत जाऊन दारावर थाप मारली तेव्हा गाडी थांबली. मधल्या पोत्याला धक्का लागून बंधू बाजूला पडले. गुडघा खरचटण्यावर निभावले. एकाचे कान यंत्रांनी नेले होते आणि दुसऱ्याचे गाण्याने झाकले होते.

त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, काढून टाकतो सगळे." आम्ही म्हणालो, "काढ. पण पुढच्या महिन्यात पुन्हा कुठूनतरी आणशील. त्यापेक्षा बसू, समजून घेऊ आणि हवी तेवढीच, नीट बनवू." मग आम्ही वाडीतल्या सुताराला घेऊन बसलो, चार ठिकाणी विचारले, वाचले आणि नवी पेटी घरीच केली. त्यातून जे शिकलो ते खाली देत आहोत.

पेटी लागतेच कशाला?

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा सैल होते. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला तर पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागच्या सैल हवेत मिसळते आणि दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. उंच पट्टीच्या आवाजाला हे फारसे लागू होत नाही. पण ४० हर्ट्‌झच्या ढोलासारख्या आवाजाची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. इतकी लांब लाट वीतभर स्पीकरच्या कडेने सहज वळते. म्हणून मागची हवा कोंडावी लागते. पेटीचे पहिले काम एवढेच. तिचे वजन किंवा डामडौल यांचा आवाजाशी संबंध नाही.

पूर्वी अशा पेट्या कपाटाएवढ्या असत. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी दाखवून दिले की पेटी हवाबंद केली, तर आत कोंडलेली हवाच पडद्याला स्प्रिंगसारखी आवरते आणि लहान पेटीतूनही खोल आवाज निघतो. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरच्या आकड्यांवरून पेटीचे माप काढण्याचे गणित बसवून दिले. आज कोणत्याही बऱ्या स्पीकरच्या कागदावर त्या दोघांच्या नावाचे आकडे छापलेले असतात. म्हणजे 'जितकी मोठी पेटी तितका चांगला बेस' ही दुकानातली म्हण खरी नाही. स्पीकरला जेवढी हवा लागते तेवढीच द्यावयाची असते. बियाण्याला खोली असते तसेच हे आहे. जास्त खोल पेरले म्हणून पीक जास्त येत नाही.

पेट्यांचे मुख्य प्रकार दोन, हवाबंद पेटी आणि भोकाची पेटी. भोकाची पेटी तेवढ्याच वॅटमध्ये जास्त गाजते हे खरे. पण ती मोठी लागते, भोकाची लांबी-रुंदी गणिताने बसवावी लागते आणि ठरलेल्या सुराच्या खाली पडद्याला आवर राहत नाही, त्यामुळे जास्त आवाजात स्पीकर लवकर खराब होतो. शिवाय शेतकऱ्याच्या गाडीत भोक म्हणजे धूळ, भुसा आणि उंदीर यांना आमंत्रणच. आमच्या जुन्या पेटीतून सुताराने भाताच्या लोंब्या आणि उंदराचे घरटे काढले. तेव्हा आमचा कौल हवाबंद पेटीला आहे.

हौद्यात की केबिनमध्ये?

याचे उत्तर आम्ही निःशंकपणे देतो: केबिनमध्ये. पहिले कारण असे की हौदा मालाचा आहे. दुसरे कारण आवाजाच्या शास्त्रातले आहे. केबिन लहान आणि बंद असते. खोल आवाजाच्या लाटा केबिनपेक्षा लांब असल्याने सुमारे ६०-७० हर्ट्‌झच्या खाली केबिन स्वतःच आवाज उचलून धरते. म्हणून आत ठेवलेला एक दहा इंची स्पीकर दोनशे-तीनशे वॅटवर पोटात जाणवेल एवढा बेस देतो. तोच स्पीकर उघड्या हौद्यात ठेवला तर त्याला कसलाच आधार मिळत नाही. मग माणूस वॅट वाढवत जातो. पण वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटावयास सुमारे दहापट वॅट लागतात. शंभराच्या जागी हजार वॅट, त्यासाठी जाड वायर, दुसरी बॅटरी, मोठा अल्टरनेटर. ही शर्यत कधी संपत नाही. आणि इतके करून हौद्यातली पेटी वाजते ती चालवणाऱ्यासाठी नव्हे, रस्त्यावरच्या लोकांसाठी.

पेटीचे माप कसे काढावे

स्पीकरच्या कागदावर तीन आकडे पाहावेत. व्हॅस लिटरमध्ये असतो, क्यूटीएस हा साधा अपूर्णांक असतो आणि एफएस हर्ट्‌झमध्ये असतो. हवाबंद पेटीसाठी ०.७०७ या आकड्याला क्यूटीएसने भागावे, उत्तराचा वर्ग करावा, त्यातून १ वजा करावा आणि जे राहील त्याने व्हॅसला भागावे. पेटीत किती लिटर हवा हवी ते मिळते.

उदाहरण घेऊ. व्हॅस ४० लिटर, क्यूटीएस ०.४५, एफएस ३० हर्ट्‌झ. ०.७०७ ला ०.४५ ने भागले की १.५७ येतात. त्याचा वर्ग सुमारे २.४७. एक वजा करून १.४७. चाळीसला त्याने भागले की सुमारे २७ लिटर. पाण्याच्या दोन बादल्यांपेक्षाही कमी! अशा पेटीत स्पीकरचा सूर ३० गुणिले १.५७, म्हणजे ४७ हर्ट्‌झच्या आसपास बसतो आणि त्याखालची उणीव केबिन भरून काढते.

आता ही हवा मागच्या सीटखाली कशी बसवावयाची? आतली मापे ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व १७ सें.मी. उंच धरली तर ३० हजार ६०० घन सें.मी., म्हणजे ३०.६ लिटर होतात. त्यातून स्पीकरचे लोहचुंबक आणि आतला आधार यांचे दोन-तीन लिटर वजा केले की आपले माप जमते. १८ मि.मी. जाडीच्या प्लायवुडमधून तुकडे असे कापावेत: वरचा आणि खालचा प्रत्येकी ६३.६ बाय ३३.६ सें.मी., लांब बाजू दोन ६३.६ बाय १७ सें.मी., आखूड बाजू दोन ३० बाय १७ सें.मी. सारे मिळून आठ चौरस फुटांच्या आसपास लाकूड लागते. कमी खोलीचा स्पीकर घ्यावा, आणि पडद्याच्या वर सीटपर्यंत चार-पाच सें.मी. जागा मोकळी सोडावी, नाही तर पडदा सीटला थडकतो.

ज्यांची गाडी सिंगल केबिनची आहे त्यांना सीटच्या पाठीमागे तिरकी जागा मिळते. तेथे वर निमुळती आणि खाली रुंद पेटी करावी. वरची आणि खालची खोली यांची बेरीज करून निम्मी करावी, मग उंची व लांबीने गुणावे. वर १२, खाली २०, म्हणजे सरासरी १६. उंची ३० व लांबी ६० धरली तर २८.८ लिटर होतात. ही मापेही आतलीच धरावीत. आधी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून पाहावा. सीट पूर्ण मागे येते का, पट्टा अडकतो का, हे पाहावे आणि मगच करवत हातात घ्यावी. सीटखाली जॅक आणि पाना असेल तर त्यांना दुसरी हाताशी येणारी जागा ठरवून ठेवावी. घाटात पावसात टायर बसला की गाणे कामास येत नाही.

सुतारकामातील चार गोष्टी

प्लायवुड घ्यावे ते 'आयएस ७१०' छाप असलेले, म्हणजे पाण्याला टिकणारे. साधे प्लायवुड स्वस्त पडते, पण आपल्याकडील पावसाळ्यात ती काटकसर महागात जाते. सांध्यांना पाण्यात न सुटणारा गोंद भरपूर लावावा आणि दर दहा-बारा सें.मी. वर स्क्रू घ्यावा. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे, नाही तर कडा फाटतात. मधोमध एक आडवी पट्टी आधाराला द्यावी म्हणजे वरची-खालची फळी थरथरत नाही. आतल्या सर्व सांध्यांवरून सिलिकॉनची रेघ ओढावी आणि ती पूर्ण एक दिवस सुकू द्यावी. ओल्या सिलिकॉनच्या आंबट वाफेने स्पीकरच्या कडेचा फोम खराब होऊ शकतो. आत उशीतला कृत्रिम कापूस सैलसर भरावा. त्याने पेटी आहे त्यापेक्षा थोडी मोठी असल्यासारखी वागते.

पेटी हवाबंद झाली की नाही याची परीक्षा सोपी आहे. स्पीकर बसवल्यावर पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी हळूच, सरळ दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी घट्ट आहे. टपकन परत आला तर कुठेतरी हवा गळते.

आणि पेटी बोल्टने गाडीला पक्की बांधावी. स्पीकरसह तिचे वजन तेरा-चौदा किलो होते. जोरात ब्रेक लागला तर सुटी पेटी मागच्या माणसाच्या पायावर येईल. मात्र भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे. ब्रेकची नळी, डिझेलची टाकी किंवा वायरींचा जुडगा त्या जागी नाही याची खात्री झाल्याशिवाय ड्रिल लावू नये.

वायर आणि बॅटरी

आग लागते ती बहुधा येथे. तीनशे वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात तीस अँपिअर किंवा त्याहून अधिक वीज ओढतो. त्याला घरातल्या दिव्याची वायर चालत नाही. निदान १० चौरस मि.मी. ची शुद्ध तांब्याची वायर घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते. चाकूने तार खरवडून पाहावी, आत पांढरे दिसले तर घेऊ नये. बॅटरीपासून हातभराच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज बसवावा. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसून वायर जळू नये म्हणून असतो, तेव्हा तो दुसऱ्या टोकाला बसवून उपयोग नाही. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबराची कडी घालावी. आमच्या पहिल्या पेटीला फ्यूज मुळी नव्हताच, हे ऐकून इलेक्ट्रिशियनने हात जोडले.

इंजिन बंद ठेवून गाणी लावू नयेत. सरासरी १० अँपिअर ओढले गेले तरी चार तासांत ४० अँपिअर-तास जातात. आपल्या गाडीची बॅटरी ७० ची धरली तर निम्म्याहून अधिक गेली. थंडीच्या पहाटे डिझेल इंजिनला सुरू होताना शे-दोनशे अँपिअरचा झटका लागतो, तो मग कोठून येणार?

खळ्यावरच्या त्या संध्याकाळनंतर आम्ही एक गोष्ट मुद्दाम बसवून घेतली. पाच पायांचा एक साधा रिले मिळतो. रिव्हर्सच्या दिव्याची वायर त्याच्या ८६ नंबरला द्यावी, ८५ नंबर पत्र्याला जोडावा आणि ॲम्प्लिफायर चालू करणारी बारीक वायर ३० आणि ८७-अ या दोन पायांमधून न्यावी. गाडी रिव्हर्समध्ये पडली की ॲम्प्लिफायर आपोआप बंद होतो. दारातले लहान स्पीकर मात्र चालूच राहतात, ते हाताने बंद करावे लागतात. पण मोठा आवाज थांबला की मागचे ओरडणे ऐकू येते. एका रिलेची किंमत एका क्रेटच्या भाड्याएवढीही नसेल. हे केल्याशिवाय कोणी पेटी बसवूच नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

कान पुन्हा उगवत नाहीत

आता आरोग्याकडे वळू. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे पंधरा हजार केसासारख्या पेशी असतात आणि त्या आवाज मेंदूला कळवतात. भात कापले तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते, पण माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी उंच पट्टीचे ऐकणे जाते. म्हणून अशा माणसाला ढोल ऐकू येतो, पण नातवाचे बोलणे, 'स' आणि 'श' ही अक्षरे, पाखरांचा आवाज ऐकू येत नाही. घरचे म्हणतात, "ह्यांना पाहिजे तेवढेच ऐकू येते." ते तसे नसते.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी असलेल्या नायॉश या संस्थेने घातलेली मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. गोव्याची एक फेरी तीन-साडेतीन तासांची धरली तर पेटी किती वाजवावी याचा हिशोब वाचकांनीच करावा. शिवाय आपल्या मुलांचे कान गाडीत बसण्यापूर्वीच ट्रॅक्टर, फवारणीचा पंप आणि मळणीयंत्र यांनी थकलेले असतात. कारखान्यातल्या कामगाराला कानात घालायला बोळे तरी देतात, शेतकऱ्याला कोण देतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले की मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे जगातील १०० कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात आहे. त्यांत आपली मुले नाहीत असे समजण्याचे काही कारण नाही.

मापक नसेल तर घरगुती कसोटी अशी. शेजारच्या सीटवरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता आले पाहिजे. आवाज चढवावा लागला तर गाणे जास्त आहे. गाडीतून उतरल्यावर कानात शीळ वाजत असेल किंवा कापूस घातल्यासारखे वाटत असेल, तर कानाने इशारा दिला आहे असे समजावे. असे वारंवार होत असल्यास कानाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. तेल घालून वेळ काढू नये.

आणखी एक. गाण्याने झोप जाते, हा समज चुकीचा आहे. गाणे सोबत देते, झोप देत नाही. डोळे मिटू लागले तर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ झोपणे हाच उपाय. आवाज वाढवून घाट उतरणारा मुलगा वळणावरचा हॉर्नही गमावून बसतो.

शेजाऱ्याची झोप

आपल्या गाड्या निघतात त्या वेळी गाव झोपलेले असते. ध्वनिप्रदूषणाचे नियम आपल्या देशात २००० सालापासून लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. दवाखाने, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालच्या १०० मीटरमध्ये त्याहूनही कमी. हे आकडे साध्या मापकाचे आहेत. तो मापक माणसाच्या कानाप्रमाणे खोल आवाज कमी धरतो, ५० हर्ट्‌झचा तर सुमारे ३० डेसिबलने कमी. म्हणून मापकावर आकडा लहान दिसतो, पण खिडकीची काच आणि कपाटातली भांडी मात्र थरथरतात. खोल आवाज भिंतीने अडत नाही. मातीची भिंत असो वा चिऱ्याची, तो आत येतोच. आत कोणी बाळंतीण असेल, कोणी आजारी असेल, कोणाच्या घरी रात्रीच माणूस गेलेले असेल.

काही तरुण आम्हांस म्हणाले, "लग्नात, फेस्ताच्या मिरवणुकीत पेटी भाड्याने दिली तर गाडीचा हप्ता निघतो." त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. हप्ता कसा फिटतो ते आम्हांस ठाऊक आहे. पण तो निराळा धंदा आहे. त्याला परवानगी लागते आणि त्याचे नियम निराळे आहेत. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करावयाचा तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आठवण ठेवावी लागते. भाजीच्या गाडीवर तो धंदा चढवला की दोन्ही धड होत नाहीत. दोन ओळी क्रेट दररोज कमी नेऊन वर्षाला किती गेले, याचा हिशोब एकदा कागदावर मांडावा. आमच्या धाकट्याने मांडला आणि मग त्याने स्वतःच हौद्यातली पेटी उतरवली.

आमचे मत

वडीलधाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की मुलांना नुसते रागावू नका. शेतीत राहिलेला, रात्री-अपरात्री गाडी घेऊन जाणारा मुलगा आज दुर्मिळ होत चालला आहे. त्याच्या गाण्यावर तोंड वाकडे करण्याऐवजी त्याच्याबरोबर बसून पुठ्ठा कापा. आमच्या घरात बाप-लेकांनी मिळून केलेले असे हे पहिलेच काम, आणि त्या चार रविवारांत जेवढे बोलणे झाले तेवढे गेल्या चार वर्षांत झाले नव्हते.

आणि तरुणांना सांगणे हे की पेटी करा, पण ती लहान, हवाबंद, केबिनमध्ये आणि पक्की बांधलेली करा. फ्यूज बॅटरीजवळ ठेवा. रिव्हर्सला ती बंद होऊ द्या. वस्ती आली की आवाज उतरवा, घाट आला की काच थोडी खाली घ्या. गाडी आधी मालाची आहे, मग गाण्याची.

आमची नवी पेटी सीटखाली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यामुळे धाकट्याचे मित्र सुरुवातीला हसले. आता त्यांतले दोघे माप घ्यायला येऊन गेले. परवा पहाटे अडीचला गाडी निघाली तेव्हा आम्ही अंगणात उभे होतो. गेटाबाहेर पडेपर्यंत गाणे बंद होते. थोरले बंधू खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "गेला का रे? मला ऐकूच आले नाही." या वेळी मात्र त्यात त्यांच्या कानांचा दोष नव्हता.